चौदा हार्डडिस्का आणि गुरुजींच्या मंगलाष्टका

“आहे की! उद्या येऊन घेऊन जा,” असं मी म्हणालो आणि हातातलं भजं तोंडात टाकलं. आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यात ‘उद्या’ हा शब्द रामरामासारखा असतो. त्याला काही अर्थ नसतो, आणि गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. पण समोर उभी असलेली मुलगी गिऱ्हाईक नव्हती. ती गुरुजींची नात होती, बारा दिवसांवर तिचं लग्न होतं, आणि तिनं माझा ‘उद्या’ खराच धरला.

तिला हवा होता आजोबांचा आवाज.

गुरुजी म्हणजे बेंबळीच्या शाळेत मला चौथीला असलेले मास्तर. माझ्या तळहातावरच्या रेषांतल्या निम्म्या देवानं काढल्या असतील, निम्म्या त्यांच्या पट्टीनं. पण गावात ते ओळखले जायचे मंगलाष्टकांसाठी. पंचक्रोशीत कुठंही लग्न असो, अंतरपाट धरला की माईक गुरुजींच्या हातात. बोलावलं तरी जायचे, नाही बोलावलं तरी जायचे. छापील मंगलाष्टकांना ते हात लावत नसत. दर लग्नासाठी स्वतः नव्या रचायचे, आणि त्यात नवरा-नवरीची नावं, दोन्ही गावांच्या शिवा, नवरीच्या माहेरची विहीर, नवऱ्याच्या घरची बैलजोडी, सगळं बसवायचे. लोक उन्हात अक्षता मुठीत धरून उभे असायचे. घामानं त्या अक्षतांचा भात व्हायची वेळ आली की मागून कुणीतरी ओरडायचं, “गुरुजी, आवरा!” गुरुजी आणखी एक कडवं घ्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. तेव्हापासून गुरुजी पाटीवर लिहून बोलतात.

“आजोबा मंडपात येणारच न्हाय म्हणतेत,” नात सांगत होती. “‘माईक दुसऱ्याच्या हातात बघायला मी येत नाही,’ असं पाटीवर लिहून पाटी माझ्याकडं सरकवली. काका, एकच नात हाय मी त्यांना. एखाद्या लग्नातला त्यांचा आवाज द्या. मी तो स्पीकरवर लावते आणि आजोबांना माईक धरून उभं करते. मग येतील.”

“अगं, एवढ्या लग्नांत लोकांनी मोबाइलवर घेतलं असेल की.”

“सगळ्यांना विचारून झालं. पाव मिनिटाचे तुकडे हायेत. एकात फटाके, एकात बँजो, आणि बाकीच्यांनी स्टेटसला टाकायला वरून पिक्चरचं गाणं लावलेलं. तुमच्याकडं पक्कं असंल. तुम्ही मंडपातल्या मशिनीतनं थेट वायर घ्यायचा, मी बघितलंय.”

खरं होतं. वायर मी थेट घ्यायचो. माझ्याइतका गुरुजींचा स्वच्छ आवाज जगात कुणाकडं नव्हता. म्हणून तर बोललो, आहे की. ती स्कूटीवरून गेली आणि ते भजं माझ्या घशाशी आलं. कारण ‘आहे’ नव्हतं. ‘होतं’.

आता हे ‘होतं’ कसं झालं ते सांगायचं तर मेव्हण्याला मध्ये आणावं लागतं.

माझा मेव्हणा पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत आहे. गेल्या वैशाखात यात्रेला म्हणून आला आणि माझ्या कपाटातल्या हार्डडिस्का बघून खुर्चीवरून उठलाच. चौदा डिस्का होत्या. अकरा वर्षांची लग्नं. आमच्याकडं पद्धत अशी की गिऱ्हाइकाला दोन-तीन तासांची डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह करून द्यायचा आणि मूळ शूटिंग आपल्याकडं ठेवायचं. का ठेवायचं, हे ज्यांच्या हाताखाली मी हा धंदा शिकलो त्या उस्तादांनी मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

“दाजी, ही एवढी जागा नुसती पडून?” मेव्हणा म्हणाला. “पुण्यात लोक असल्या डिस्का विकत घेतेत आणि नाणी काढतेत.”

“डिस्कमधून नाणी?”

“डिजिटल नाणी. बाकीच्या नाण्यांना भट्टीसारखी मशिनं लागतेत, लाइटबिल येऊन माणूस बसतं. हे नाणं नुसत्या जागेवर चालतं. डिस्कमध्ये काठोकाठ आकडे भरून ठेवायचे आणि कम्प्युटर चालू ठेवायचा. दर थोड्या सेकंदाला एक सवाल सुटतो. जगात ज्याच्या डिस्कमध्ये त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर सापडंल, नाणं त्याचं.”

“म्हणजे लॉटरी.”

“लॉटरी न्हाय ओ! लॉटरीचं तिकीट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. हितं एकच तिकीट वर्षानुवर्षं चालतं.”

मला हे एकदम पटलं. मला काहीही एकदम पटतं, हा माझा जुना आजार आहे. याच आजारात मी घरामागं शहामृग पाळायचं ठरवलं होतं. ते बायकोनं अंगणाची लांबी-रुंदी विचारून थांबवलं. यावेळी तिनं एवढंच विचारलं, “त्या डब्यांत आत्ता काय हाय?”

“जुनी लग्नं.”

“लोकांची लग्नं पुसून आकडे भरणार?”

“अगं, लोकांनी आपापल्या डीव्हीड्या कधीच नेल्यात. अकरा वर्षांत मूळ शूटिंग मागायला कुणीसुद्धा आलेलं नाही.”

“येईल की,” ती म्हणाली आणि आत गेली. तिचा हा ‘येईल की’ आजवर वाया गेलेला नाही. शहामृगाचा अपवाद, कारण ते आलंच नाही.

मग आमच्या घरात आकडे भरणं सुरू झालं. घर म्हणजे पुढं दुकान, मागं आम्ही. एकेक डिस्क भरायला दिवसच्या दिवस लागायचे. आपल्याकडची लाइट मध्येच जायची, इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडायचा, आणि निम्मी भरलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून. ऊन बेचाळीसच्या पुढं. डिस्का तापून हात लावू देईनात, म्हणून मेव्हण्याच्या सल्ल्यानं मी कूलरचं तोंड त्यांच्याकडं फिरवलं. बायकोनं पदरानं वारा घेत दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती जेवणाचं ताट घेऊन डिस्कांच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, “वारा ह्यांच्याकडं, मग जेवण बी ह्यांच्याकडंच.” तेव्हापासून महिनाभर आम्ही नवरा-बायको डिस्कांच्या पंगतीला जेवलो.

चौदाही डिस्का भरल्या. पडद्यावर हिरव्या अक्षरात यायचं की सगळं ठीक चाललं आहे. त्याच्या खाली यायचं की नाणं मिळण्याचा अंदाजे कालावधी अमुक वर्षं. मी मेव्हण्याला फोन केला, “अरे, एवढ्या वर्षांनी मी असेन का?” तो म्हणाला, “दाजी, ते सरासरी असतं. आज रात्री बी लागू शकतंय.” ही ‘आज रात्र’ दिवाळीपर्यंत आली नाही. संक्रांतीपर्यंतही आली नाही. आली ती गुरुजींची नात.

तिला ‘उद्या’ सांगून मी डिस्का उपसायला बसलो. मला आशा होती. पुसलेलं परत काढता येतं असं मी ऐकून होतो. मेव्हण्याला विचारलं तर म्हणाला, “निस्तं पुसलं असतं तर निघालं असतं. आपण त्याच्यावर कानाकोपऱ्यापर्यंत आकडे भरलेत.” ‘आपण’ म्हणाला. नाणं लागलं असतं तर ‘आपण’ म्हणाला असता का, हा विचार मी पाहुण्यांबद्दल करू नये, म्हणून केला नाही. म्हणजे केला, पण बायकोला बोललो नाही.

तरी मी चार डिस्का पिशवीत घालून सोलापूरला गेलो. तिथल्या रिपेरीवाल्यानं एक लावली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, “काका, लई इमानदारीनं भरलंय. सुतळी शिरायला बी जागा ठेवली न्हाई तुम्ही.” आयुष्यात एक काम मी काठोकाठ पूर्ण केलं होतं, ते हे.

दुसऱ्या दिवशी नात आली. मी म्हणालो, “उद्या.”

मग मला डीव्हीड्या आठवल्या. लोकांकडं माझ्या डीव्हीड्या असणारच! गाडी काढली आणि घरोघर फिरलो. डीव्हीडीचे प्लेअर भंगारात गेले होते आणि डीव्हीड्या शेतात गेल्या होत्या. हल्ली ज्वारीवरची पाखरं उठवायला त्या दोऱ्याला बांधून लटकावतात, उन्हात चमकतात आणि पाखरं भितात. एका ओळखीच्याच्या रानात मी बांधावर उभा राहून बघितलं, तर हुरड्याला आलेल्या ज्वारीवर माझी अकरा वर्षांची मेहनत गरगर फिरत होती.

“यातल्या थोड्या नेऊ का?” मी विचारलं.

“न्या की,” तो म्हणाला. “पर मग पाखरं हाकायला तुमी ऱ्हावा हितं.”

हुरडा खाऊन, पुन्हा दोनदा विनंती करून, सहा डीव्हीड्या आणल्या. चार उन्हानं गेल्या होत्या. दोन लागल्या. अंतरपाट आला, गुरुजी आले, त्यांनी माईक तोंडाशी धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि बासरी वाजली. मागोमाग पिक्चरचं गाणं.

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मीच केलं होतं. प्रत्येक गिऱ्हाईक सांगायचं, “तेवढं गुरुजींचं लांबतंय, तिथं गाणं टाका,” आणि मी अकरा वर्षं टाकत होतो. गुरुजींचा आवाज फक्त मूळ शूटिंगमध्ये होता. मूळ शूटिंगवर आकडे होते. आकड्यांना काही लागत नव्हतं. असा सगळा कारभार.

तिसरा ‘उद्या’ मी फोनवर सांगितला. चौथ्याला नात दुकानात येऊन बसली. लग्न पाच दिवसांवर आलं होतं, हाताला मेंदीचा दिवस ठरला होता, आणि ती माझ्या स्टुलावर बसून म्हणाली, “काका, नसंल तर नसंल म्हणा. मी आजोबांना काय सांगू, तेवढं तरी कळंल.”

तेव्हा मी खरं सांगितलं. नाणं, आकडे, सगळं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. “म्हणजे आजोबांचा आवाज होता तिथं आता निस्ते आकडे हायेत,” असं म्हणाली, ओढणीनं डोळे पुसले आणि उठली.

मागच्या दारात बायको उभी होती. तिनं नातीला हाक मारली, “थांब गं, चहा टाकलाय.” मग माझ्याकडं वळली. “आपल्या लग्नात मंगलाष्टका कुणी म्हटल्या होत्या?”

“गुरुजींनीच,” मी म्हणालो.

“सव्वीस वर्षं झाली. तुमचे उस्ताद शूटिंगला होते. ती कॅसेट कुठाय?”

आता ही कॅसेट हा आमच्या घरातला दुखरा विषय आहे. लग्नाची मूळ कॅसेट उस्तादांनी माझ्या हातात दिली होती, “तूच कर आता एडिटिंग, तुझंच लग्न हाय,” म्हणून. मी गावाच्या शेकडो लग्नांचं एडिटिंग केलं, आपलं राहिलं. सुरुवातीला बायको दर महिन्याला विचारायची, मग दर दिवाळीला, मग विचारायची बंद झाली. मला वाटलं, विसरली. ती कॅसेट तिनं शालूच्या घडीत, लोखंडी पेटीत ठेवली होती. दर दिवाळीला काढून कोरड्या फडक्यानं पुसत होती. मी जुना व्हीसीआर भंगारात घालायला निघालो तेव्हा “त्याच्यावर पाटा ठेवायला होतो” असं सांगून तो तिनंच माळ्यावर ठेवून घेतला होता. त्यावर पाटा मी कधी बघितला नाही, पण चौकशीही केली नाही.

“आठ दिवस मी रानोमाळ फिरतोय,” मी वैतागून म्हणालो, “आणि तू आत्ता सांगतीस?”

“मला विचारलं का?” ती म्हणाली. “सोलापूरच्याला विचारलं, माझ्या भावाला विचारलं, ज्वारीला विचारलं.”

कॅसेट लावली. पण ती कम्प्युटरवर उतरवून घ्यायला जागा नाही! चौदा डिस्का असलेल्या घरात एक लग्न ठेवायला जागा नव्हती. मी आकड्यांची पहिली फाइल निवडली. नेमका तेव्हाच मेव्हण्याचा फोन आला. काय चाललंय ते सांगितलं, तर ओरडला, “दाजी, एक बी फाइल काढू नका! एवढे दिवस थांबलाय, आता कधीबी लागंल!” बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. “लागू दे कधीबी. तुला लागलं की सांग,” म्हणाली आणि बंद केला. मी फाइल पुसली. मग हात बसला म्हणून सगळ्याच पुसल्या.

भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून, नात, बायको आणि मी पडद्यासमोर बसलो. चित्रावर पट्टे येत होते, पण आवाज! गुरुजींचा सव्वीस वर्षांपूर्वीचा भरदार आवाज, प्रत्येक शब्द घंटेसारखा. आमची दोघांची नावं, बेंबळीची शीव, तामलवाडीची बायकोच्या माहेरची विहीर, माझ्या वडलांची बैलजोडी. नात तोंडावर हात धरून बसली होती.

बायको मात्र आवाज ऐकत नव्हती, बघत होती. अंतरपाटाच्या एका बाजूला ती, मान खाली. दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेला एक काडीपैलवान, जो नवरीकडं बघायचं सोडून टाचा उंचावून उस्तादांना हातानं खुणा करत होता, की लाइटची वायर सुटली आहे, वायर बघा. पाचव्या कडव्याला तर तो नवरदेव वाकला आणि वायर स्वतःच नीट करून आला.

“माझा चेहरा काळा आला असता,” मी खुलासा केला.

बायको उठली आणि चहाचे कप आत घेऊन गेली.

संध्याकाळी मी स्पीकर घेऊन गुरुजींकडं गेलो. सगळं कबूल केलं, पुसल्याचंही आणि अकरा वर्षं वरून गाणी टाकल्याचंही. गुरुजींनी पाटी घेतली. अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. “गाण्यांचं मला माहीत होतं. लोकांकडं टीव्हीवर बघितलं होतं.” मी खाली बघितलं. चौथीत जसं बघायचो तसं.

मग आवाज लावला. गुरुजींनी डोळे मिटले. पहिल्या कडव्याला ओठ हलले, दुसऱ्याला हात वर गेला. आवाज संपला. नातीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “आजोबा, येणार ना?” त्यांनी मान हलवली.

मी धंद्याचं बोललो, “गुरुजी, यातली आमची नावं, विहीर, बैल वगैरे मी काढून टाकतो. शेवटची दोन कडवी कुणालाही चालण्यासारखी आहेत, तेवढीच ठेवतो.”

गुरुजींनी पाटी पुसली आणि लिहिलं, “तू आजवर पुष्कळ कापलंस. हे पुरं लाव.” ‘पुरं’खाली दोन रेघा मारल्या.

लग्नाच्या दिवशी गुरुजी फेटा बांधून मंडपात आले. अंतरपाट धरला. त्यांनी माईक तोंडाशी घेतला, मी लॅपटॉपचं बटण दाबलं, आणि मंडपात सव्वीस वर्षांपूर्वीचा आवाज सुटला. ओठ असे बरोबर हलत होते की नवऱ्याकडच्या लोकांना पहिली दोन कडवी काही कळलंच नाही. तिसऱ्या कडव्याला आमची नावं आली. वऱ्हाडातली एक आत्याबाई मोठ्यानं म्हणाली, “अगं बया, हे कुणाचं लगीन लागतंय?” कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. तिनं दुसरीच्या. हसू मंडपभर गेलं, लोक वळून आमच्याकडं बघायला लागले. मागून एकानं जुन्या सवयीनं आरोळी ठोकली, “गुरुजी, आवरा!” आणि गुरुजींच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, हसतही होते. नवरी अंतरपाटाआडून आजोबांकडंच बघत होती. ‘सावधान’ झालं तशा निम्म्या अक्षता तिकडं पडल्या आणि निम्म्या आमच्या अंगावर.

जेवून आम्ही गाडीवरून घरी निघालो. मी खूश होतो. एकसुद्धा कडवं अडकलं नाही, आवाज कुठं फाटला नाही. बायको मागं पदर सावरत बसली होती. गावाच्या स्टँडपाशी आल्यावर मी विचारलं, “कसं झालं?”

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “गुरुजींनी आपली नावं घेतली, तेव्हा म्या तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, सव्वीस वर्षांनी का होईना, बघतील. तर तुम्ही खाली वाकून वायर दाबत होता.”